कणी

वडिलांना मीठ वाढलेलं आवडतं.
गेरांदच्या मिठागरात पूर्वेचा वारा सुटला
की संध्याकाळी ते लांब दांड्याचं फळं पाण्यावरून फिरवतात,
साय काढावी तसं, मोडू न देता.
"धरली कणी," म्हणतात, आणि वास घेतात.
व्हायोलेटच्या फुलांचा येतो म्हणे.
मला चाळीस वर्षांत एकदाही आला नाही.

मी रेनला काच करते.
जर्मेनियम, अँटिमनी, सेलेनियम
आणि चिमूटभर सीझियमचं मीठ.
(घरापासून कितीही लांब जा, मीठ सुटत नाही.)
क्वार्ट्झच्या नळीतली हवा उपसायची, तोंड वितळवून बंद करायचं,
मग हलती भट्टी तिला रात्रभर जोजवते.
सकाळी लाल लोळ पाण्यात. चर्र.
अणूंना रांग लावायला सवडच मिळत नाही,
जो जिथे होता तिथेच गोठतो.

ही काच काळीकुट्ट.
खिडकीला लावलीत तर शेजारी बोलायचे बंद होतील.
पण अंगाची ऊब तिच्यातून आरपार जाते,
धुक्यातल्या सायकलवाल्याची, झोपलेल्या गाईची,
भिंतीमागच्या गरम नळाचीसुद्धा.
खोड एकच: जरा टोचलं
की या काठापासून त्या काठापर्यंत तडा.

म्हणून तिला पुन्हा तापवायची.
वितळेल इतकी नाही; तीनशेच्या किंचित वर,
मऊ पडावी की पडू नये अशा बेतानं.
आत कणी धरू द्यायची
आणि अदमुऱ्यावरच काढून घ्यायची.
कणी इतकी बारीक हवी
की उबेच्या लांब लाटेला ती पायाखाली लागूही नये,
आणि तड्याला मात्र पावलोपावली ठेच.
चौदा तास, आमच्या हिशोबानं.
वास नाही, रंग नाही, वारा नाही.
दारावर नुसता एक आकडा.

त्या शुक्रवारी बाराव्या तासाला वडिलांचा फोन आला.
पंप बिघडला होता, बगळा मेला होता,
शेजारच्या दोनासियँनं बांध आपल्या बाजूला सरकवला होता.
मग ते गप्प झाले, आणि मीही,
आणि तसंच टेबलावर डोकं ठेवून मला झोप लागली.

उठले तेव्हा सतरा.
त्युग्दुआलनं चकती कॅमेऱ्यासमोर धरली. दूध.
त्याचा चेहरा दुधात विरघळलेला,
कान कुठले, कपाळ कुठलं, काही पत्ता नाही.
टोचून पाहिलं तर तडा जेमतेम केसाएवढा.
इतकी चिवट काच मी आजवर केली नव्हती,
आणि इतकी आंधळीही.
वहीत लिहिलं: सतरा तास. कारणाची जागा कोरी ठेवली.

मे महिन्यात वडील प्रयोगशाळेत आले, धुतलेला सदरा घालून.
बिघडलेली चकती खिशात टाकली,
"वजन चांगलं आहे," एवढंच म्हणाले.
मग मी त्यांना चांगल्या भिंगासमोर उभं केलं.
पडद्यावर गळा पिवळा, गाल नारिंगी,
डोळ्यांच्या कोपऱ्यांत पांढरी धग.
"हात वर करा."
त्यांनी केले.
मनगटापर्यंत दिसले, तळवे अंधुक,
आणि पुढे बोटं नव्हतीच.
भिंतीइतकी गार, भिंतीत मिसळलेली.
पन्नास वर्षं खाऱ्या पाण्यात घातलेली दहाच्या दहा.

मी भिंग काढलं. पुसलं. परत लावलं.
त्युग्दुआल उगीच खिडकीकडे पाहू लागला.

"तुझी काच कच्ची राहिली," वडील म्हणाले,
"अजून थोडी ठेवायला हवी होतीस,"
आणि हात खिशात घातले,
एक माझ्या दुधाळ चकतीपाशी,
एक रिकाम्या.