आवक-जावक

बॉम्ब बुटाच्या खोक्यात होता.
आठ नंबर, काळे, महाद्वार रोडवरच्या दुकानातले.
एवढं पंचनाम्यात आहे.
पंचनाम्यात हे नाही
की खोकं ज्या बाकाखाली होतं
त्या बाकाचा एक पाय आखूड,
आणि हसन मणेर रोज संध्याकाळी व्याख्यानाआधी
त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारायचे.
त्या सोमवारीही वाकले.

मणेर आमचे बुकबाइंडर.
खळ स्वतः शिजवायचे, मोरचूद घालून,
कसर लागू नये म्हणून.
त्यांनी बांधलेलं पुस्तक उघडलं
की पाठीतून अजून वास येतो.
मी उघडत नाही.

मुलगा बाराव्या दिवशी सापडला,
गडहिंग्लजला, मावशीकडे, जेवत असताना.
सुयोग. आमचाच.
सभासद क्रमांक ११४७, अनामत पन्नास रुपये जमा.
तालमीच्या फलकावर सकाळी भावपूर्ण श्रद्धांजली,
संध्याकाळी फाशी द्या.
खडू तोच, अक्षर तेच.
गंगावेशीत म्हशी पिळणं चाललेलं,
हातात फेसाळ ग्लास धरून लोक म्हणत होते,
असल्याला वकील कशाला रे?

वकील मिळाली. सरकारनं नेमलेली, पोरगीच.
कुणीतरी तिच्या स्कूटीचं सीट ब्लेडनं फाडलं.
ती त्यावर कालचा पेपर टाकते
आणि कोर्टात जाते.

मग साहेब आले, रजिस्टर मागायला.
कोण काय वाचतं, पाच वर्षांचं.
माणूस चांगला होता, पायताण बाहेर काढून आला.
म्हटलं, ११४७ चं पान देते, कोर्टाचा कागद आणा.
बाकीच्यांची पानं नाहीत मिळायची.
"बाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"
उत्तर सुचलं नाही.
रात्री साडेतीनला सुचलं,
तेही धड नव्हतं.

कार्यकारिणीची सभा. विषय क्रमांक तीन: दार.
लोखंडी करावं. आधार कार्ड बघावं.
व्याख्यानं वर्षभर तरी बंद.
माळकर म्हणाले, तुमच्या उघड्या दारानंच घात केला.
खरं होतं.
मी इतिवृत्तात तसंच लिहिलं, खाडाखोड न करता.

रशिदाभाभी मागं बसल्या होत्या, बोलावलं नसताना.
म्हणाल्या,
"रोज रात्री मी त्या पोराला मारते.
ते माझं माझ्याजवळ.
तुम्ही नका मारू. तुम्ही खटला चालवा.
आणि दार लावणार असाल
तर ह्यांची हत्यारं आधी घरी पाठवा."

सहा विरुद्ध पाच.
ठरावात नुसतं 'बहुमताने' लिहितात.

महिन्यानं कळंब्याहून पत्र आलं,
तुरुंगाचा शिक्का, अक्षर शाळकरी.
कादंबरीचा पहिला भाग झाला होता, दुसरा मिळेल का.
मणेरांचं नाव नाही. एक ओळही नाही.
पहिला भाग पोलिसांकडे, मुद्देमालात.
नियम सात: आधीचं पुस्तक परत आल्याशिवाय पुढचं नाही.
नियम चौदा: सभासदत्व रद्द करायला सर्वसाधारण सभा लागते.
सभा झालेली नाही. म्हणजे तो सभासद आहे.
पत्र आवकमध्ये नोंदवलं.
जावकचा रकाना अकरा दिवस रिकामा.
मला त्याला पुस्तक द्यायचं नाही.
मला त्याला पुस्तक नाकारायचंही नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहितात
ते कुणी शिकवलं नव्हतं.

नवीन बाकाचे चारी पाय सारखे आहेत.
काल सातला एक मुलगा आला,
पाठीवर सॅक, फुगलेली.
मी सॅककडे बघितलं.
मी बघितलं हे त्यानं बघितलं.
"उघडून दाखवू का, बाई?"

नको, म्हणाले मी.
पण म्हणायला किती वेळ लागला
ते तो उभ्या उभ्या
मोजत होता.