बघू

उद्यमनगरात नाही असं कुणी म्हणत नाही.
म्हणतात, बघू.
पहिलं वर्षभर मला वाटायचं
बघू म्हणजे बघतील.

मगदूम अण्णा हसले नाहीत.
काउंटरखालून एक शंभर पानी काढली,
साखर कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेली.
म्हणाले, पोरी, ऑर्डरी लिहायला बिलबुक हाय.
हिच्यात बघू ल्ही.
कोण म्हणाला, कधी, उभ्यानं का बसून,
च्या पाजला का,
आन् बोलताना त्यानं चाक हातात घेतलं
का टेबलावरच ऱ्हायलं.

तेव्हापासून लिहिते.
रात्री, भांडी झाल्यावर, त्याच दिवशी.
उद्यावर टाकलं की माणसं एकमेकांत मिसळतात.

बावड्याचे चौगुले: बघू, मोबाईलकडे बघत.
म्हणजे त्यांचेच पैसे कुठेतरी अडकलेत.
पंधरा दिवस जायचं नाही. दिवाळीला पेढे घेऊन जायचं.
गोकुळ शिरगावचे हुक्केरी: बघू बघू.
दोनदा म्हणजे भाव विचारायचाय, संकोच वाटतो.
आपणच कागदावर आकडा लिहून सरकवायचा.
शिरोलीचे शिकलगार, परचेसचे:
बघू.
एकदाच. कोरडं. चष्मा न काढता.

असे अकरा, मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत.
मध्ये जुलैत पंचगंगेनं हायवे धरला,
तो आठवडा कोरा गेला.
कोरा, असंही लिहिलं.

अण्णांचे बाकीचे नेम मी असेच उचलले, न विचारता:
एक ते दोन कुणाच्या दारात उभं राहायचं नाही,
भाकरीवरून उठलेला माणूस खरं बोलत नाही.
दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवायची नाहीत.
वॉचमनचं नाव पाठ पाहिजे.
उधारी मागताना आवाज चढला
तर आधी बाहेर येऊन गाडी पुसायची.

बाराव्या खेपेला मी सॅम्पलची बॅग डिकीतच ठेवली.
म्हटलं, साहेब, चाक विकायचं नाही आज.
तुमचं चाक कुठं अडतं ते दाखवा.
त्यांनी घड्याळ बघितलं, मग मला.
मग उठले.

फेटलिंगमध्ये कानात बोळे घातलेला सदबा
एका कास्टिंगवर वाकला होता.
ठिणग्या कमी, आवाज फार.
त्यानं मशीन बंद केलं, चाक थांबेतो थांबला
आणि अंगठ्यानं दाखवलं:
आरशासारखी चकाकी.
चकाकतंय म्हणजे कापत नाही, बाई, तो म्हणाला.
हे मला कुठल्या कॅटलॉगनं सांगितलं नव्हतं.
इथं मऊ चाक पाहिजे होतं,
स्वतः झिजून नवी धार काढणारं.
आमच्याकडं तसलं येत नाही.

महिन्याचं टार्गेट निम्मं राहिलेलं,
तारीख सव्वीस.
जीभ जड झाली, खोटं कशाला सांगू.
तरी जयसिंगपूरच्या एजन्सीचं नाव घेतलं,
त्यांचा नंबरही लिहून दिला.

शिकलगारांनी तेव्हा चष्मा काढला.
म्हणाले, आमचे आजोबा पायचाक घेऊन गल्लोगल्ली फिरायचे,
सुऱ्या-कात्र्यांना धार लावत.
आधी वस्तू बघायचे. मग गिऱ्हाईक.
एवढंच. ऑर्डर नाही.

त्या रात्री वहीत बराच वेळ काही सुचेना.
अकरा वेळा ते बघू म्हणाले
आणि त्यांनी बघितलं नाही, हे खरं.
पण मी तरी कुठं बघितलं होतं?
बॅगेत बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर बघत होते.
मशीन तीस पावलांवर होतं.

जानेवारीत त्यांच्या टूलरूमची ऑर्डर आली, छोटी,
नव्वद दिवसांच्या उधारीवर.
एकशे दहाव्या दिवशी पैसे मिळाले.
तेही लिहिलं.

आता सहावी वही चालू आहे.
परवा श्रावस्तीनं स्कूटी मागितली.
कॉलेज लांब, केएमटीला गर्दी, सगळं मुद्देसूद.
मी कणीक मळत म्हणाले,
बघू.

सकाळी वही उघडली तर तिच्या अक्षरात एक ओळ:
आई: बघू. उभ्यानं. चहा नाही.
पुढची खेप रविवारी.