कोरड

उणे एकतीस. कुहमोच्या तळ्यावर
बर्फ रात्रभर कण्हत असतो,
आणि घरात माझं नाक
जुन्या भिंतीसारखं आतून पोपडे धरतं.
सकाळी रुमालावर एक लाल ठिपका.
तौनो विचारतो, "आज पुन्हा?"
मी म्हणते, "टपालाचा शिक्का आहे."

अडतीस वर्षं शिक्केच मारले मी.
मोजे न काढणाऱ्या गिऱ्हाइकांची तिकिटंसुद्धा
माझ्याच जिभेवर ओली झाली.
आता एक तिकीट भिजेल
एवढंही पाणी नाही तोंडात.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
माझ्या जिभेला पहाटे हाड फुटतं.
टाळूवरून ती सोडवून घ्यावी लागते,
दोरीवर गोठलेला टॉवेल सोडवावा तशी,
हळू, धागा न तुटू देता.

"गोळ्या आणि हिवाळा, दोघे मिळून,"
ओउलूहून आलेली कोवळी डॉक्टर म्हणाली
स्वतःचेच फाटलेले ओठ चावत.
घोट घोट पाणी. झायलिटॉलचं च्युइंगम.
हीटरवर ओलं फडकं.
नाकात तिळाच्या तेलाचे दोन थेंब.
तीळ कुठे उगवतात मी पाहिलेलं नाही.
जिथे उगवत असतील
तिथलं दोन थेंब ऊन
रोज रात्री मान मागे टाकून घेते.

हातांना मात्र गाईंचंच मलम.
गाई विकून नऊ वर्षं झाली, डबा संपत नाही.
ओमेनाचे सड चिरायचे थंडीत,
तेव्हा हेच चोळायची मी.
ती लाथ मारायची.
मी कुणाला मारणार?

नोव्हेंबरात अकरा दिवस
गोळ्या घेतल्या नाहीत. कुणाला सांगितलंही नाही.
चौथ्या दिवशी राईच्या पावाच्या वासानं
तोंडाला पाणी सुटलं!
एकटीच हसले ओट्याशी, लबाड पोरीसारखी.
अकराव्या दिवशी तळ्याकाठी उभी होते.
बर्फ नुकताच धरत होता, काठाशी पातळ,
आणि तो किती वजन पेलेल
याचा मी हिशेब करत होते.
मागून तौनोची हाक आली,
कॉफी झाली म्हणून.
बस, एवढीच हाक.
मी गेले. गोळी घेतली, कॉफीबरोबर.
कोरडी राहीन,
पण राहीन.

जानेवारीत रेइयो गेला, माझा भाऊ.
कबरीपुरती जमीन मऊ व्हायला
दोन दिवस तिला ऊब द्यावी लागली.
वहिनी माझ्याकडे बघत होती,
सख्खी बहीण, आणि डोळे ठणठणीत.
आउने, कसं सांगू तुला,
रडणं सगळं आलं होतं गं,
छातीत, खांद्यांत, गुडघ्यांतसुद्धा.
फक्त पाणी आलं नाही.
पुढच्या रविवारी प्रसादाची पापडी
टाळूला चिकटून बसली ती उतरेचना.
पाद्री "आमेन" म्हणाले,
मी म्हटलं "आवें".

मग एका शनिवारी आउने सौनात आली.
वरच्या फळीवर माझ्या शेजारी बसली, न बोलता.
दगडांवर एक डबा पाणी. आणखी एक.
वाफ आली आणि नाक उघडलं, ओठ सुटले,
पापण्यांच्या मुळांतून काही ओघळायला लागलं.
तिच्याही.
कुणाचं काय ओघळतंय
ते त्या अंधारात कोण मोजणार!
तिनं बादलीतलं उरलेलं पाणी
माझ्या डोक्यावर ओतलं,
आणि म्हणाली, "रेइयोला तुझ्या हातची
फणसुकलेली भाकर आवडायची."
"कडक," मी म्हटलं, "फणसुकलेली नाही."
"तेच ते," आउने म्हणाली.

रात्री तीनला उशाचा पेला चाचपते.
एक घोट तोंडात धरून ठेवते,
गिळायची घाई करत नाही.
बाहेर तळं पुन्हा कण्हतं.
"जागी आहेस?" तौनो विचारतो.
तोंडात पाणी आहे, बोलता येत नाही.
"मलाही दे," तो म्हणतो,
आणि अंधारात त्याचा हात
पेल्याऐवजी आधी
माझ्या मलमाच्या बोटांना लागतो.