पारवा

खिडकीला काळे कागद, एक फट सोडलेली.
तांडापेठेतली शाळा, एप्रिल, पारा चव्वेचाळीसवर.
सरांनी लोलक धरला, एक कोपरा उडालेला,
अन् भिंतीच्या पोपड्यांवर
ऊन उकलत गेलं.

"म्हणा, तानापिहिनिपाजा!"
आम्ही ओरडलो. 'ना'ला जरा जास्तच,
जसा तो रंग आमच्याच गावचा.

"पारवा कुणाला दिसला?"
सगळे गप्प.
मला आपली कौलावरची पारवी आठवली.

बेबी निनावे उठली.
बाप सूत रंगवायचा, तिची नखं बारा महिने निळी.
भिंतीवर बोट टेकवलं:
"हा. निळीत दोनदा बुडवाचं,
सावलीत वाळवाचं, मंग असा येते."
बोट केसभर सरकलं.
"अन् याच्या बाजूचा? याचं नाव काय, सर?
सातच काहून?"

सर पुस्तक चाळत राहिले.
तोवर ऊन फटीवरून सरकलं.

इतवारीत माझं चष्म्याचं दुकान आहे आता.
भिंग घासताना कडेला कधीकधी
तो बाजूचा रंग उमटतो, निमिषभर.
मी त्याला मनात निनावे म्हणतो
आणि गिऱ्हाइकाला विचारतो,
खालची ओळ वाचता येते का?