पिवळ्या टाचा

सकाळचे सहा-दहा. सांगलीत हळदीच्या बाजाराचं मागचं फाटक.
टेपचं एक टोक भूपालकडे, एक माझ्याकडे.
मधून ट्रॅक्टर गेला दोन ट्रॉल्या ओढत.
भूपालनं टेप सोडला, मी नाही सोडला.
बोटावर अजून रेघ आहे.

रुंदी अठरा मीटर. हिरवा दिवा पंधरा सेकंद.
पुस्तक म्हणतं, माणूस सेकंदाला
एक पूर्णांक दोन मीटर चालतो. हिशेब चोख बसतो.
कोणता माणूस, ते पुस्तक सांगत नाही.

कल्लव्वाला मी घड्याळ लावलं.
आधी न सांगता. मग सांगून. मग माफी मागून.
हातात डब्याची पिशवी, डाव्या गुडघ्यात पाणी,
सव्वीस सेकंद,
त्यातले चार दुभाजकाला हात टेकून.
"कशाला मोजताय ओ बाई," ती म्हणाली,
"उशीर झाला की मुकादम मोजतोच की."

दस्तगीरची सायकल गटाराच्या जाळीत अडकली
त्याला महिना झाला.
जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेनं.
आडव्या असत्या तर त्याचं मनगट आज सरळ असतं.
फॉर्मात मी लिहिलं: सुधारणा किरकोळ.
भूपालनं वाचलं, काही बोलला नाही.
खोडून 'तातडीची' लिहिलं,
शेवटचं अक्षर रकान्यात मावलं नाही.

झेब्रा पट्टे आहेत.
चाळीस मीटर पलीकडे, बँकेसमोर,
कोरे पांढरे, परीटघडीचे.

संध्याकाळी बाजार सुटला.
शंभर-सव्वाशे बाया, हळदीनं माखलेल्या टाचा,
आणि दुभाजकाचा दगड जिथं निखळलाय
बरोबर तिथून, डांबरावर
उमटत गेलेला एक पिवळा पट्टा,
जरा तिरका, बसथांब्याकडे झुकलेला.
याची निविदा निघाली नव्हती.

मी नकाशा बॉनेटवर पसरला,
'इथे' लिहून बाण काढला.
रस्ता इथे फुटपाथाच्या उंचीला आणा.
गाड्यांनी चढावं, गाड्यांनी उतरावं,
कल्लव्वानं सरळ चालावं.
मध्ये थांबायला दोन मीटर जागा.
वेळ, सव्वीस सेकंद.
"तीस लिहा मॅडम," भूपाल म्हणाला,
"वरचे चार कापणारच."

तीस लिहिलं.
उद्या कुणीतरी मोठं येणार म्हणून
पहाटे टँकर रस्ता धुणार आहे.
भूपालनं टेप पिवळ्या पट्ट्याशेजारी अंथरला, मापासाठी,
आणि उजेड होता तोवर
मी फोटो काढत राहिले.