चाळिसावं वर्ष

आधी बटर पेपर.
पाषाणच्या ओढ्याकाठची अडीच एकर
मोजणीच्या नकाशावर अंग चोरून पडलेली.
त्यावर कागद अंथरून सहा-बी पेन्सिल सैल धरायची,
रेघ मनगटातून नाही, खांद्यातून.
पहिली चुकते. ती चुकावीच लागते.
तिसऱ्या रेघेला ओढा कबूल करतो
की हो, मी इथून वळतो.

समोरच्या टेबलावर शाल्मली
समोच्च रेषांना धरून जमीन वर उचलते,
ओली चादर चिमटीत धरावी तशी.
पडद्यावर उतार उभा राहतो, राखाडी, बिनगवताचा,
त्याच्यावर अजून एकही शेळी चढलेली नाही.
"उत्तर कुठे, सर?"
मी खिडकीबाहेर हात करतो, औंधकडे.
तिला आकडा हवा असतो.

मग झाडं.
तयार झाडांच्या पेटाऱ्यात मेपल आहे सात रंगांत,
पाइन तीन जातींचे, त्यातला एक बर्फासकट.
करंज नाही. पांगारा नाही.
आपल्या टेकड्यांवरचा वारस नाही.
सावर शोधून ती मान वर करते,
"सर, मीच नाहीये यात."
आणि दोन दिवस खपून एक काटेसावर घडवते,
पानं गळालेली, फुलं आलेली, खोडावर काटा न् काटा.
फाइल इतकी जड की मशीनचा पंखा घोंघावू लागतो.
काटे थोडे कमी कर, मी म्हणतो.
"पोरं चढतील मग."

माननीयांना कारंजं हवंय,
आणि गावाच्या नावाची अक्षरं, माणसाएवढी,
रात्री पेटणारी, फोटोसाठी.
कारंजं मी खर्चाच्या तक्त्यात बुडवलं.
अक्षरं मात्र दिली.
निळ्या पूररेषेच्या बरोब्बर आत.
शाल्मलीला ते दिसलं. बोलली नाही.

एकवीस डिसेंबर, दुपारचे चार:
ती सूर्य ओढून त्या जागी आणते
आणि शेजारच्या अजून न बांधलेल्या बावीस मजल्यांची सावली
घसरगुंडीवर येऊन बसते.
बिल्डरला हलवता येत नाही.
घसरगुंडी अकरा मीटर सरकते.

खाली एक पट्टी आहे, वर्षांची.
बोटाने ढकलली की झाडं वाढतात.
पाच. बारा. पंचवीस.
करंज एकमेकांत हात घालतात, वाट बुजते,
माझ्या मूळ स्केचमधली ती वळणदार वाट,
जिचा मला इतका अभिमान होता.
चाळीस.
आणि त्या गर्द हिरव्यात
पेटाऱ्यातून आलेली, निळ्या जॅकेटमधली गोरी बाई
अजून तिशीतच आहे,
तिचा कुत्राही तोच,
पट्टा तसाच ताणलेला.

"ही माणसं काढ," मी म्हटलं.
शनिवारी आम्ही जागेवर गेलो, टेप घेऊन.
शाल्मलीने फोटो काढले:
मैदान तिरपं कापत शाळेतून येणारी दोन पोरं,
(म्हणजे पायवाट तिथूनच जाणार, मी कितीही काढू दे)
काटक्या वेचणाऱ्या सरूबाई वाघमारे,
ज्यांनी पदर सारखा केल्यावरच फोटो काढू दिला,
पंपावरचे कुंजीर, पाठमोरे, बरंच झालं पाठमोरे,
कारण ते भिंतीशी उभे होते.

सोमवारी मीटिंगच्या आधी मॉडेल उघडलं.
चाळिसावं वर्ष. फुलं खाली सांडलेली.
पोरं तिरपी. सरूबाई पदरासकट.
आणि सावरीखाली
एक चौकड्यांचा शर्ट, टेपचं टोक धरून,
खांद्यात जरासा वाकलेला.
शर्ट माझ्या अंगावर होता तेव्हाही.
कुणी विचारून लावला नव्हता तो मला तिथे.
सावली बरोबर पडली होती, ईशान्येला,
लांबीसुद्धा तासाला धरून.

मी आकडे केले मनात. अठ्ठावन्न अधिक चाळीस.
शाल्मली पडद्याकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही.
काढू का, तिने विचारलं.

थोडा डावीकडे घे, मी म्हटलं.
तिथे बाक आहे.