सव्वा महिना

म्हाकू रात्री आला. चपला हातात.
उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला,
"आत्याबाई, घळीत ती व्याली."
केराबाईंचा हात परातीतच थांबला.
"सुखरूप हाय का?"

अकरा वर्षं झाली होती मला या दऱ्यात,
तरी वाटलं, कुणाची तरी लेक
बाळंतपणाला आलीय.
लांडगीण होती.

मी सोलापूरची, कन्ना चौकातली.
आमच्याकडं झोपसुद्धा यंत्रमागाच्या ठेक्यावर यायची,
माग बंद पडला की नाना दचकून उठायचे.
इथं पहिल्या वर्षी शांततेनं माझे कान दुखले.
बार्शीकडून येणारी शेवटची एस.टी. फाट्यावर वळली
की उरतात सतरा उंबरे,
दोन बाजूंना बालाघाटचे बोडके खांदे,
आणि खाली ओढा, ज्याला सगळे
घरातल्या म्हाताऱ्यासारखं जपतात:
आज कसा आहे, किती प्यायला, किती उरला.

ग्रामसभेच्या वहीत सगळं आहे.
समतल चर आहेत, घराघराच्या नावावरची झाडं आहेत,
ऊस लावणार नाही, बोअर पाडणार नाही,
खाली चौदा सह्या, तीन अंगठे.
पण घळीचं कुठं लिहिलेलं नाही.
म्हाकू सांगून गेला, तेवढंच.
सकाळी कुऱ्हाडी आढ्याला अडकलेल्या,
शेरडं खालच्या अंगाला,
आणि बायका सरपणाला लांबच्या वाटेनं,
एकमेकींशीही हळू बोलत.
सव्वा महिना.

जालिंदरच्या पोरीचं लग्न त्यातच आलं.
बँडवाले वैतागले, पैसे घेतलेत, वाजवायचं कुठं?
शेवटी फाट्यावर, एस.टी.च्या थांब्याला
त्यांनी सगळी गाणी एकदम वाजवून टाकली
आणि नवरदेव दोन किलोमीटर
चालत आला, नवे बूट चावत असताना,
गुपचूप, चोरासारखा.
व्याही अजून त्यावरून बोलतात.

नवव्या दिवशी म्हाकूची तांबडी पाठ गेली.
तो ओरडला नाही. पारावर येऊन बसला,
विडी पेटवली, विझवली.
मग कुणी पायलीभर ज्वारी आणली, कुणी पाचशेची नोट,
मी नानांनी विणलेली मोराची चादर दिली.
देताना हात आखडला, खोटं कशाला सांगू.
केराबाई म्हणाल्या,
"तू बार्शीच्या दवाखान्यातून आलीस
तवा सतरा घरचं डिंकाचं लाडू खाल्लंस.
तिला एक शेरडू जास्त झालं व्हय?"

या केराबाई. सर्व्हेचा माणूस येतो,
लेकरं किती विचारतो,
त्या पाच म्हणतात,
मग पदर सारखा करतात
आणि चार लिहा म्हणतात.
दर वेळी.

माझा अर्णव दहाचा. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं,
म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं.
ज्वारी पोटऱ्यात होती, त्या आडोशानं
एका दुपारी तो वर गेला असणार.
संध्याकाळी आला तो दाराशीच उभा राहिला.
पँटीला मांडीपर्यंत कुसळं,
आमच्या रानातली नव्हेत, घळीच्या वरल्या अंगाची.

मला रागवायचं होतं.
दंड आहे, तो आधी आपल्याच घराला,
सासरे पंच असताना तर दुप्पट.
पण मी त्याला चुलीच्या उजेडात बसवलं
आणि एकेक कुसळ काढत गेले.
तो गप्प. केराबाई पाठमोऱ्या,
पण भाकरी उलटायची राहून गेली होती.

"किती?" मी विचारलं.
त्यानं बोटं दाखवली. चार.

मग आपल्याच हाताकडं बघत
करंगळी मिटली.

भाकरीचा करपट वास घरभर झाला.
कुणीच उठलं नाही.